सरांचे सर

बंगळुरू, २६ जून २०२२. मध्य प्रदेशच्या पोरांनी ज्यांना खांद्यावर उचलून घेतलं होतं, ते त्यांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित रडत होते. याच चिन्नास्वामी स्टेडियमवर तेवीस वर्षांपूर्वी ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून कर्नाटकाकडून रणजीचा अंतिम सामना हरले होते. आता त्याच राज्याला त्यांनी पहिलावहिला रणजी करंडक मिळवून दिला होता, तोही मुंबईला सहा गडी राखून हरवून. कॅमेरे पंडितांवरून हलायला तयार नव्हते, आणि ते रास्तही होतं. पण हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक कोण होते? अमोल मुझुमदार. वयात तेरा वर्षांचं अंतर असलेले हे दोघे एकाच मैदानावर, एकाच माणसाच्या हाताखाली वाढले. कोणीही जिंकलं असतं तरी करंडक एका अर्थी शिवाजी पार्कलाच जाणार होता.

तो माणूस, रमाकांत विठ्ठल आचरेकर, जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती.

‘गुरू’ हा अंकाचा विषय ठरला की आचरेकरांचं नाव निघणारच. अडचण एवढीच, की त्यांची एक ओळख इतकी मोठी झाली आहे की बाकीचं सगळं तिच्या सावलीत गेलं. ‘सचिनचे सर’ म्हटलं की विषय संपतो. पण सरांच्या शिष्यांची यादी जरा वेगळ्या नजरेने वाचली, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्यात भारताकडून खेळलेले डझनभर तर आहेतच. पण खेळणं संपल्यावर दुसऱ्यांना खेळायला शिकवणारे त्यात जितके आहेत, तितके भारतातल्या दुसऱ्या कुठल्या एका नेटमधून निघाले असतील असं वाटत नाही.

पाच नंबरच्या गेटापाशी

शिवाजी पार्कला पाच नंबरच्या गेटाजवळ सरांचं छोटेखानी स्मारक आहे. ३ डिसेंबर २०२४ला, सरांच्या जयंतीला, त्याचं अनावरण झालं. सचिन तेंडुलकर आणि राज ठाकरे उपस्थित होते. त्या दिवसाची जी चित्रफीत देशभर फिरली ती मात्र स्मारकाची नव्हती. व्यासपीठावर बसलेल्या विनोद कांबळीने, सरांच्याच आणखी एका शिष्याने, सचिनचा हात धरला आणि तो सोडेचना, ती होती. कांबळीची तब्येत ढासळलेली लोकांनी पाहिली, हळहळ झाली, चर्चा झाली. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ते सर बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत गेले. मागे उभं राहायची सवय असलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नसतं.

सकाळी साडेसहाच्या सुमारास या गेटातून आत शिरलं की मैदान कसं चालतं ते दिसतं. माळी विकेटवर पाणी मारत असतो. दोन पोरं बांबूला नेट बांधत असतात, तिसरा मॅटिंगच्या कडेला खिळे ठोकत असतो. मॅट एका बाजूने सैल राहिली तर चेंडू तिथे पडून कसाही उडतो, म्हणून खिळे ठोकणाऱ्याकडे मोठ्या पोरांचं बारीक लक्ष. कट्ट्यावर चालायला आलेले आजोबा थांबून, न विचारता, ‘डावा पाय पुढे काढ रे’ असा सल्ला देऊन पुढे जातात. एका सामन्याचा लाँगऑन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. लाल मातीचा धुरळा उडतो, आणि त्या धुरळ्याबद्दल आजूबाजूच्या इमारतींतून तक्रारीही होतात. याच मैदानावर दसऱ्याची सभा, याच मैदानावर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आलेल्या लाखोंचा मुक्काम. क्रिकेट इथे मालक कधीच नव्हतं, वाटेकरी होतं. जे पट्टे वाट्याला येतात त्यांच्यावर क्लब आपापले संसार थाटून असतात.

त्यातला एक संसार आचरेकरांचा, कामत मेमोरियल क्रिकेट क्लब.

बँकेतला माणूस

सर मूळचे मालवणकडचे, जन्म १९३२चा. मुंबईत न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब, यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, बॉम्बे पोर्ट अशा संघांतून ते खेळले. प्रथम श्रेणीचा सामना मात्र आयुष्यात एकच. १९६३च्या मोसमात मोईनउद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध.

एकच सामना! पण त्या संघाचं नाव महत्त्वाचं आहे. स्टेट बँक त्यांची नोकरी होती. आणि मुंबईच्या मैदानी क्रिकेटचा कणाच मुळी नोकरी हा होता. बँका, गिरण्या, कंपन्या खेळाडूंना कामावर घेत. टाइम्स शील्डमध्ये त्यांचे संघ एकमेकांना भिडत. निर्लॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, स्टेट बँक ही नावं त्या काळी कारखान्यांइतकीच स्कोअरबोर्डावरही असत. लालबाग-परळच्या चाळीतला किंवा कांजूरमार्गच्या वस्तीतला बाप पोराला मैदानावर पाठवायचा तो ‘भारताकडून खेळेल’ म्हणून नव्हे. चांगला खेळला तर कुठेतरी चिकटेल, हा हिशोब. आचरेकरांच्या हाताखालून गेलेली बहुसंख्य मुलं अशीच कुठे ना कुठे चिकटली. त्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत.

सरांचं वेळापत्रकही या नोकरीभोवतीच बेतलेलं. सकाळी मैदान, मग बँक, संध्याकाळी पुन्हा मैदान. मधल्या वेळात पोरं सामना खेळत आणि सर जमेल तसे स्कूटरवरून येऊन बघून जात. येणार की नाही, आले की नाही, हे पोरांना कळायचं नाही. ते झाडाआड उभे राहून बघतात अशी सगळ्यांची खात्री होती. सचिनने एक किस्सा सांगितला आहे. सामना चालू असताना कटलेला पतंग मैदानात आला आणि कांबळीने भर सामन्यात तो उडवायला घेतला. समोरच्या टोकाला उभ्या सचिनला धास्ती, की सर कुठूनतरी बघत असणार. सर बघतच होते. संध्याकाळी हजेरी झाली.

सामने, सामने आणि सामने

आचरेकरांनी नेमकं काय शिकवलं असं त्यांच्या शिष्यांना विचारलं, तर कोपर कुठे आणि खांदा कुठे याबद्दल फारसं काही ऐकायला मिळत नाही. सचिन बॅट दांड्याच्या अगदी खालच्या बाजूला धरायचा. मोठ्या भावाच्या जड बॅटने खेळण्याची ती सवय. सरांनी पकड बदलायला लावून पाहिली, पोराला ती जमेना, तेव्हा त्यांनी तो नाद सोडून दिला. पुस्तकाप्रमाणे चूक असलेली ती पकड पुढे चोवीस वर्षं कसोटी क्रिकेट खेळली. कुठे हात घालायचा नाही हे कळणं ही प्रशिक्षकाची निम्मी विद्या असते, आणि ती कुठल्याही शिबिरात शिकवली जात नाही.

सरांचं खरं हत्यार होतं सराव सामना. नेटमध्ये आऊट झालेला मुलगा पुढच्या चेंडूला परत स्टान्स घेतो. सामन्यात आऊट झालेला उरलेला दिवस झाडाखाली बसतो. हा फरक पोराच्या अंगात मुरवायचा तर त्याला सामन्यांत टाकायला हवं, एक-दोन नव्हे, ढिगाने. सचिनने आत्मचरित्रात आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा जमाखर्च दिला आहे. साठ दिवसांची सुट्टी आणि पंचावन्न सराव सामने. सकाळी साडेसात ते साडेदहा नेट, मग सामना, संध्याकाळी पाचला परत नेट, आणि शेवटी पॅड-ग्लोव्हजसकट मैदानाला दोन फेऱ्या. एका सामन्यात लवकर बाद झाला तर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावरच्या सामन्यात नेऊन उभा करायचे. शिवाजी पार्कहून आझाद मैदान, तिथून आणखी कुठे. वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणातही, १६ नोव्हेंबर २०१३ला, त्याने ती स्कूटर आठवणीने काढली.

यामागची यंत्रणा कोणी फारशी सांगत नाही. बारा वर्षांच्या पोराला दिवसात दोन डाव मिळायचे, तर दोन मैदानांवर दोन सामने लागलेले हवेत. समोरचे संघ हवेत. त्यांच्या कर्णधारांशी बोलणं हवं, की आमचा हा पोरगा चार नंबरला येईल, चालवून घ्या. पंच हवा, चेंडू हवा, पॅड नसलेल्याला पॅड हवेत. हे सगळं सर जमवायचे. दादर, माटुंगा, फोर्टमधल्या क्लबांतले लोक त्यांना ओळखत, आणि ‘आचरेकरांचा पोरगा’ म्हटलं की एक डाव उसना मिळत असे. क्लबचं किट सगळ्यांचं, म्हणून ते सांभाळायचं कामही सगळ्यांचं. नेट बांधा, पाणी मारा, रोलर ओढा, मग बॅटिंग. प्रतिभा ओळखणारे डोळे मुंबईत अनेकांकडे होते. प्रतिभेला रोज सामना पुरवण्याची चिकाटी या एका माणसाने आयुष्यभर दाखवली, आणि त्यांची थोरवी सर्वांत जास्त इथेच आहे.

रुपया, वडापाव आणि एक थप्पड

नाण्याची गोष्ट आता शाळेच्या पोरांनाही पाठ आहे. संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत मधल्या स्टम्पवर एक रुपया ठेवायचा. सचिनला जो बाद करेल त्याचा तो रुपया. शेवटपर्यंत कोणालाच जमलं नाही तर सचिनचा. मैदानभर पसरलेली पोरं क्षेत्ररक्षणाला. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. या गोष्टीत सगळे सचिनकडे बघतात. पण दिवसभर खेळून शरीर मोडलेलं असताना, उजेड कमी होत असताना, लक्ष टिकवायला लावणारी ती पंधरा मिनिटं कोणी आखली होती? शिवाय त्या रुपयासाठी गोलंदाजी करणारी पोरंही दिवसातला सर्वांत चांगला चेंडू शेवटी टाकायला शिकत होती.

स्तुतीच्या बाबतीत सर कंजूष. ‘वेल प्लेड’ हे शब्द त्यांनी सचिनसाठी कधी काढले नाहीत. पोरगं हवेत जाईल ही भीती. खेळ आवडला तर वडापावला पैसे मिळत, कधी भेळ-पाणीपुरी. त्यावरून पोरांनी काय ते समजायचं. सरांच्या घरी मात्र हात सैल असे. मटण, पाव, लिंबू आणि कांदा, या बेताची आठवण सचिनने स्मारकाच्या अनावरणातही काढली.

खोटं त्यांना खपत नसे, याचाही एक किस्सा आहे. शालेय सामन्यात तीस धावा केल्या की वर्तमानपत्रात नाव छापून येई. सचिनच्या झाल्या चोवीस. स्कोअररने अवांतर धावांतल्या सहा त्याच्या नावावर ढकलल्या आणि दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं. पोरगं खूश. सरांनी कात्रणाचं कौतुक करायचं सोडून, न काढलेल्या धावा नावावर घेतल्याच कशा म्हणून फैलावर घेतलं.

आणि थप्पड. सचिनच्या शाळेच्या, शारदाश्रमच्या, इंग्रजी आणि मराठी माध्यमांच्या संघांत वानखेडेवर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. सरांनी सचिनसाठी दुसरीकडे सामना लावून ठेवला होता. हा तो बुडवून टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथेच त्याला अशी लगावली की हातातला डबा उडून जेवण सांडलं. दुसऱ्यासाठी टाळ्या कसल्या वाजवतोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला आले पाहिजेत, असं सरांचं सांगणं. हा किस्सा सचिन हसत सांगतो आणि ऐकणारेही हसतात. तरी तो ऐकताना जरा थबकायला हवं. त्या थपडेनंतर सचिन घडला, पण थपडेने घडला असं म्हणता येत नाही. अशा थपडा खाऊन मैदान कायमचं सोडून गेलेली पोरं तेव्हाच्या मुंबईत असणारच. ती किस्से सांगायला व्यासपीठावर येत नाहीत. तो काळच तसा होता हे खरं. पण काळ तसा होता म्हणून प्रत्येक गोष्ट जपून ठेवावी असं नाही.

पॅड बांधून बसलेला

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. तिसऱ्या विकेटसाठी सचिन आणि कांबळी जमले ते जमलेच. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ची. सर बँकेत. मदतीला असलेले प्रशिक्षक सीमेवरून डाव सोडा म्हणून हातवारे करत होते आणि दोघे तिकडे बघतच नव्हते. अखेर जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लावावा लागला. डाव सोड, असा हुकूम आला. कांबळीला साडेतीनशेला एक धाव कमी होती. हुकूम म्हणजे हुकूम.

या सगळ्या वेळात पुढचा फलंदाज पॅड बांधून तंबूत बसला होता. तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही.

पुढचं आयुष्यही त्याच बाकावर गेल्यासारखं. १९९४मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच २६०. पदार्पणातली ही जगातली सर्वोच्च खेळी चोवीसेक वर्षं टिकली. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा. भारताची टोपी मात्र एकदाही नाही, कारण मधली फळी सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांनी भरलेली. २००६-०७ला त्याच्या नेतृत्वाखाली मुंबई पहिले तिन्ही सामने हरली आणि तिथून उठून रणजी जिंकली. तेव्हाचे प्रशिक्षक होते प्रवीण आमरे, डर्बनला कसोटी पदार्पणात शतक ठोकणारे, तेही सरांचेच.

मग २०२५. भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून विश्वचषकात पुन्हा तीन लागोपाठ पराभव. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चं लक्ष्य. ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर मुझुमदारने एवढंच लिहिलं की त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ काढल्या. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने चषक जिंकला आणि कर्णधार हरमनप्रीत कौर सरळ जाऊन मुझुमदारच्या पाया पडली. पंजाबमधल्या मोग्याची पोरगी, दादरच्या नेटमधून निघालेला प्रशिक्षक.

ही यादी आणखी लांबते. २००७चा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाबरोबर लालचंद राजपूत होते. पुढे अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षकही तेच. बार्बाडोसला २०२४चा चषक उचलला गेला तेव्हा गोलंदाजीचे प्रशिक्षक पारस म्हांब्रे आणि निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर. रमेश पोवार, समीर दिघे यांनी मुंबईला घडवलं. पंडितांनी तर विदर्भाला लागोपाठ दोन रणजी करंडक दिले. नागपूरच्या पोरांना जिंकायची सवय लागली ती त्यांच्या करड्या शिस्तीत. शिस्तीचं हे वाण कुठून आलं ते शिवाजी पार्कवर कोणालाही विचारावं.

प्रत्येकाच्या यशाचं श्रेय सरांना देणं भाबडेपणाचं होईल. पंडित आणि मुझुमदार स्वभावाने एकमेकांच्या उलट. एक दराऱ्याचा, दुसरा शांत. सरांनी त्यांना एका साच्यात घातलं नाही हे त्यावरूनच दिसतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पोरवयात पाहिली होती. स्वतः मोठा खेळाडू न झालेला माणूसही क्रिकेटमध्ये आयुष्य घालवू शकतो, आणि ते आयुष्य कमी प्रतीचं नसतं.

सिडनीतल्या काळ्या फिती

२ जानेवारी २०१९ला संध्याकाळी दादरच्या घरी सर गेले. अर्धांगवायूनंतर बरीच वर्षं ते चाकाच्या खुर्चीत होते, तरी कोणी पोरगं भेटायला गेलं की विषय क्रिकेटचाच. द्रोणाचार्य १९९०ला मिळाला होता, पद्मश्री २०१०ला.

दुसऱ्या दिवशी सिडनीत भारतीय संघ दंडाला काळ्या फिती लावून ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर हेही सरांच्याच मुशीतले. पुजाराने दिवसभर किल्ला लढवला. झाडाआडून बघणाऱ्याला आवडावी अशी बॅटिंग. इकडे शिवाजी पार्कवर पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांनी दोन्ही बाजूंनी बॅटी उंचावून कमान केली आणि त्याखालून सरांना नेलं. खांदा देणाऱ्यांत सचिन आणि कांबळी होते. दोघांतल्या दुराव्याच्या बातम्या वाचत आलेल्या मुंबईने त्यांना एका तिरडीखाली पाहिलं.

पद्मश्री असूनही सरांना शासकीय इतमाम मिळाला नाही. त्यावरून राजकीय वादंग झालं, संपर्कात गफलत झाल्याचं सरकारकडून सांगितलं गेलं. बंदुकीच्या सलामीची उणीव बॅटींनी भरून काढली असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. वाक्य छान आहे, पण त्याने सरकारची चूक झाकली जाऊ नये.

नेट परवडतं, सामना परवडत नाही

आज मुंबईत अकादम्यांना तोटा नाही. बोलिंग मशीन आहे, मोबाइलवर स्लो मोशन आहे, सिंथेटिक टर्फ आहे, महिन्याची फी आहे. मुलीही आहेत, ही तर फारच चांगली गोष्ट. सरांचं शिबिर त्यांच्या घरच्यांनी आणि शिष्यांनी चालू ठेवलं. मग कमी काय पडतं?

जागा आणि वेळ. एका नेटमध्ये तासाभरात पंधरा पोरं हात फिरवून जातात. सामन्याला तेच पोरगं अख्खा दिवस आणि अख्खं मैदान अडवतं, आणि पहिल्या चेंडूवर बाद झालं तर बाकी वेळ बसून राहतं. फी भरणाऱ्या पालकाला ते पटवणं कठीण. आमच्या मुलाला आज किती चेंडू खेळायला मिळाले, हा प्रश्न कट्ट्यावरून येतो, आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. म्हणून नेट वाढतात. सराव सामने कमी होतात. दुसऱ्याच्या संघात एक डाव उसना मागायची सोयही उरलेली नाही, कारण आता क्लब आणि अकादमी यांच्यात फीचा व्यवहार आहे, आणि एखाद्या पोराला स्कूटरवर मागे घालून भर दुपारी दादरहून फोर्टला नेणं वाहतुकीतही बसत नाही, नियमांतही.

तरी सामने लागतातच. मे महिना जवळ आला की शिवाजी पार्क, माटुंगा, आझाद मैदान इथल्या जुन्या क्लबांची मंडळी रात्री जेवणं उरकून फोन घेऊन बसतात. चेंडू कोणी आणायचा, पंचाचे पैसे कोण देणार, मैदान नऊला मिळतंय की साडेनऊला, याची घासाघीस होते. पलीकडून अखेरचा प्रश्न ठरलेला असतो, की रविवारी अकरा पोरं भरतात का. आणि नऊच भरत असली, तर दोन इकडून देतो म्हणून सामना पक्का होतो.